काळोख व्हयो

परवा संध्याकाळी मी पापड भाजत होते आणि आमच्या अख्ख्या इमारतीची वीज गेली. अकराव्या मजल्यावर वीज जाते तेव्हा ती आधी कानांना कळते. फ्रिजची घरघर थांबते, लिफ्ट कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मध्ये गप्प होते, आणि खालचं कुणीतरी "आयला, गेली!" असं इतक्या उत्साहाने ओरडतं, जसं काही वाटच बघत बसलं होतं. हॉलमधून नवऱ्याची हाक आली, "अगं, मेणबत्ती कुठेय?" पण मी गॅसवरच्या जाळीकडे बघत उभी होते. आत्तापर्यंत, ट्यूबच्या उजेडात, ती रोजचीच जाळी होती, काळपट, मध्यावर जराशी तांबूस भासणारी. आता त्याच ज्योतीवर तीच जाळी लाल पेटलेली दिसत होती, एकेक तार मोजून घ्यावी इतकी. माझ्या तोंडून शब्द निघून गेला, "रातांबा." आणि हातातला पापड ओट्यावर ठेवून, गॅस बारीक करून मी सरळ खाली फरशीवर बसले.

तुम्ही म्हणाल, बाई, पापडाची जाळी लाल झाली त्यात बसकण मारण्यासारखं काय आहे? आहे. वीस-बावीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि सांगायला हवं होतं ते सगळ्यात आधी त्यालाच, कारण गोष्ट त्याच्या वडिलांची आहे.

आज जिथे आमचा टॉवर उभा आहे तिथे पूर्वी आमची बैठी चाळ होती. जोगेश्वरीची लेणी तिथून हाकेच्या अंतरावर. चाळीतल्या शेवटच्या दोन खोल्या आमच्या. एकीत आम्ही राहायचो आणि दुसरीत मामंजींचा कारखाना. मामंजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. कारखाना हा मामंजींचाच शब्द, नाहीतर दहा बाय बाराच्या त्या खोलीला कुणी कारखाना म्हटलं नसतं. माणूस मूळचा मालवणकडचा. तरुणपणी मिलमध्ये फिटर होते. मिलला टाळं लागलं तेव्हा बरोबरचे कुणी वॉचमन झाले, कुणी गावाला परतले, आणि मामंजींनी आपल्या वडिलांची ऐरण एसटीच्या टपावर घालून मुंबईला आणली. त्या ऐरणीवर ते विळ्या करायचे. घरात पाय मुडपून बसून भाजी-मासळी चिरायची ती आपली साधी विळी. खाली लाकडाचा पाट, वर लोखंडी पातं, टोकाला नारळ खवायची दातेरी चकती. जुन्या ट्रकच्या कमानपट्ट्यांचं पोलाद आणि पाडलेल्या घरांच्या सागवानी चौकटी, एवढाच माल. भाता हाताने ओढायचा, करवत हाताची, पाटाला भोक पाडायचं गिरमिटही हातानेच फिरवायचं. विजेवर चालणारी एकही वस्तू त्या खोलीत नव्हती. साधा दिवासुद्धा नव्हता.

आमच्या खोलीत मीटर होता. वायर ओढायची तर एक भिंत ओलांडायची, पण ती मामंजींनी कधी ओलांडू दिली नाही. त्यांची कामाची मांडणी ठरलेली असायची: लाकूड दारात, लोखंड आत. सकाळी उंबऱ्याशी ऊन यायचं तेव्हा तिथे बसून ते पाट तासायचे, रंधा मारायचे, पटाशीने खाच पाडायचे. रंध्याखालून सागाचे कुरळे ढलपे निघत आणि सगळ्या चाळीला तो तेलकट, उबदार वास यायचा. ऊन सरकलं की मामंजी आत जायचे, मागच्या कोपऱ्यात. तिथली खिडकीही त्यांनी पत्रा ठोकून बंद केली होती. तिथे भट्टी. पातं ठोकून झालं, कानशीने घासून झालं, की शेवटी त्याला पाणी द्यायचं. पाणी द्यायचं म्हणजे पातं नेमक्या रंगापर्यंत तापवून त्याची धार पाण्यात बुडवायची. कमी तापलं तर धार टिकत नाही, जास्त तापलं तर पातं ठिसूळ होतं आणि पुढे त्याचे टवके उडतात. हा नेमका रंग ओळखायला मामंजींकडे एकच माप होतं, पिकलेला रातांबा. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ, पिकून काळपट लाल झालेलं. तो रंग चढला की सांडशीतलं पातं पाण्यात, चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि मामंजी स्वतःशीच म्हणायचे, "इला." म्हणजे आलं. काय आलं ते मी कधी विचारलं नाही. पाणीच असावं.

चाळीतलं कुणी ना कुणी त्यांना डिवचायचंच. "मामा, लाइट घ्या की आत! किती दिवस असे चाचपडणार?" त्यावर मामंजींचं उत्तर दोनच शब्दांचं असायचं, "काळोख व्हयो." मालवणीत व्हयो म्हणजे हवा. काळोख हवा. त्यांच्या वडिलांची भट्टी काळोखात असायची म्हणून यांचीही; त्यापलीकडचं कारण त्यांनाही ठाऊक नसावं. ऐकणारे हसायचे, मीही हसायचे. म्हाताऱ्याचा हेका, दुसरं काय! मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवत होते. "प्रश्न विचारा रे, प्रश्न विचारा," असं मुलांच्या मागे लागत होते. आणि माझ्याच घरातला माणूस रोज काळोख मागतो, तो कशाला, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

खरं सांगायचं तर मला त्या कारखान्याची लाज वाटायची. माझं माहेर मुलुंडचं, वडील बँकेत. स्टाफरूममध्ये विषय निघाला की मी म्हणायचे, "सासऱ्यांचं छोटं युनिट आहे." युनिट! त्या शब्दात काजळी नव्हती, भाता नव्हता, घामाने भिजलेला गंजीफ्रॉक नव्हता. एकदा शाळेतल्या दोघीजणी लेणी बघायला आल्या आणि परस्पर घरी टपकल्या. मामंजी तेव्हा आत भट्टीपाशी होते. एकीने दारातून डोकावून पाहिलं आणि हळूच मला म्हणाली, "बाई गं, हे काळोखात काय करतात? लाइटबिल वाचवतात वाटतं!" दुसरी फिस्सकन हसली. मीही हसले. पण ते मला असं काही झोंबलं की येत्या दिवाळीला त्या खोलीत लाइट लावायचाच, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या मायेत होती, अशी समजूत मी स्वतःची बरीच वर्षं घालत आले. माया होती, नाही असं नाही. पण नाक जास्त होतं.

धनत्रयोदशीला मी ट्यूबलाइट आणली आणि वायरमनकडून भट्टीच्या बरोबर वर बसवून घेतली. मामंजी भात्याची दोरी हातात धरून वर बघत राहिले.

"कित्याक गो ह्या?"

"डोळे बिघडतील मामंजी, अशा काळोखात."

बटण दाबलं आणि त्या पांढऱ्या उजेडात तो कारखाना मला पहिल्यांदा पुरता दिसला. भिंतीवर ओळीने टांगलेली पाती, दसऱ्याला ऐरणीला लावलेलं हळदकुंकू, कोपऱ्यातली कोळिष्टकं, आणि सगळ्याच्या मध्ये डोळे मिचकावत उभे असलेले मामंजी. कुणी न विचारता आत शिरावं तसं काहीतरी आपण केलंय असं मला क्षणभर वाटलं. पण ते म्हणाले, "बरा दिसता," आणि माझा जीव भांड्यात पडला. कुणी प्रेमाने दिलेलं परत करणं त्यांना जमायचंच नाही. पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला ते वर बोट दाखवून सांगायचे, "सुनेन लावल्यान." साडेचारला मी शाळेतून यायचे तेव्हा ट्यूब हमखास चालू असायची आणि तिच्याखाली मामंजी पात्याला पाणी देत बसलेले असायचे. मी दारातून बघायचे आणि मला धन्य वाटायचं. त्या दोघींना मी मुद्दाम पुन्हा चहाला बोलावलं, आता बोला!

दोन-तीन महिने गेले. मग चाळीतल्याच एकीच्या विळीचा टवका उडाला. मामंजी म्हणाले, "नारळ फोडलंस असशीत तिच्यार," आणि तिला दुसरी दिली. पुन्हा एकीची तीच तक्रार. आणि मग एका दुपारी ती बाई आली. जवळच्या जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती घरातली, मामंजींची कधीपासूनची गिऱ्हाईक. तिच्या घरात दोन विळ्या होत्या, दोन्ही मामंजींच्या हातच्या. दिवाळीनंतर तिने तिसरी नेली होती. तीच तिने वर्तमानपत्राच्या घडीतून काढून पुढे ठेवली. धारेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली होती.

"दादा, रागावू नका हां," ती म्हणाली, "पण बघा ना काय झालं." आणि रुमालाची गाठ सोडून तिने तो तुकडा दाखवला. "आईच्या घासात आला. मटणात गेलेला असणार. नशीब, गिळला नाय तिने. हिरडीतून रक्त आलं जरासं."

मामंजींनी तुकडा तळहातावर घेतला. उलटसुलट करून बघत राहिले. मग तिलाच अवघडल्यासारखं झालं. "दुसऱ्या कुणाची असती ना, तर फेकून दिली असती मी. तुमची विळी मी डोळे मिटून घेते, म्हणून सांगायला आले."

प्रत्येक पात्याच्या मुळाशी मामंजी छिन्नीने दोन आडव्या रेघा पाडायचे. त्यांच्या वडिलांची ती खूण. त्या रेघांवरून त्यांनी अंगठा फिरवला, पायांत चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर तिच्या आईला बघायला गेले. परत आल्यावर भिंतीवरची सगळी नवी पाती काढून त्यांनी एकेक ऐरणीवर ठेवलं आणि हातोडीचा हलका ठोका दिला. अकरा पाती होती. सात काचेसारखी मोडली. मी दारात उभी राहून मोजत होते.

मग ते उंबऱ्यावर येऊन बसले. आत ट्यूब जळत होती, ती त्यांनी बंद केली नव्हती. "एवढो उजेड आसा," ते म्हणाले, "सगळा लख्ख दिसता, तरी माजो रंग चुकता. म्हंजे डोळेच गेले ना गो माजे?"

"आपण डॉक्टरांना दाखवूया," मी म्हटलं. त्या क्षणापर्यंत मला खरंच काही माहीत नव्हतं. तेवढं एक माझ्या बाजूने मांडून ठेवते.

दुसऱ्या दिवशी नववीचा प्रयोग होता. लोखंडाची तार बर्नरवर धरून मी मुलांना काहीतरी सांगत होते. वाऱ्याने ज्योत हलत होती म्हणून शिपाईमामांनी खिडक्या लावल्या आणि जाडे पडदे ओढले. खोलीत काळोख झाला, आणि चिमट्यातली ती तार, जी मला अजून धड तापलेलीच वाटत नव्हती, ती रसरशीत लाल दिसायला लागली. पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं. भोवती भरपूर उजेड असला की तापलेल्या लोखंडाचा स्वतःचा उजेड त्यात बुडून जातो, हे वर्गात विचारलं असतं तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं. पण आपल्या घरातल्या भट्टीशी त्याचा काही संबंध आहे, हे त्या पडद्याने मला शिकवलं. मामंजींचा डोळा शाबूत होता. तो रातांबाच शोधत होता. माझ्या ट्यूबखाली रातांब्याइतकं लाल दिसेपर्यंत पातं कितीतरी जास्त तापून बिघडत होतं. ट्यूबच्या आधी एका तरी विळीचा टवका उडाला होता का? एकीचाही नाही. काळोख व्हयो, काळोख व्हयो, असं तो माणूस वर्षानुवर्षं सांगत होता, आणि मी हसत होते. "बाई, ओ बाई!" मुलं ओरडली तेव्हा कुठे मी भानावर आले.

एक बटण बंद करायचं होतं. बस. शाळा सुटल्यावर मी जवळपास धावतच निघाले. वाक्यही तयार होतं, 'मामंजी, तुमचं काही चुकलेलं नाही, चूक लाइटची आहे.' घरी पोचले तर माझ्या शिकवणीची मुलं आधीच येऊन बसलेली. एकाच खोलीत आमचा संसार आणि माझा क्लास. मुलं जमिनीवर दाटीवाटीने, आणि माझी लेक पलंगाच्या कोपऱ्यात कानांत बोटं घालून स्वतःचा अभ्यास करतेय. नवरा त्या दिवशी लवकर आला होता. दारातच मला थांबवून हळू आवाजात म्हणाला, "बाबा म्हणतायत, बंद करतो आता सगळं. म्हणजे ती खोली... तुझ्या क्लासला..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तो हावरट नाही हो, कधीच नव्हता. पण मी त्या मधल्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे बाकं दिसली, फळा दिसला, कानांतली बोटं काढून बसलेली माझी मुलगी दिसली. काजळी नसलेलं, भाता नसलेलं घर दिसलं. ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. उद्या डॉक्टरांकडून आल्यावर सांगू, असं मनाशी म्हटलं आणि मुलांना म्हणाले, "चला, वह्या काढा."

डॉक्टर अंधेरीला होते. मामंजींच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाहेर बसवलं होतं तेव्हा मला आत बोलावलं. "या वयाला फारच छान नजर आहे," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदूची अगदी किंचित सुरुवात आहे, पिकायला खूप वर्षं आहेत. काही काळजी करू नका." मी आभार मानून बाहेर आले. औषधाचा अंमल उतरेपर्यंत आम्ही तिथेच बाकावर बसून राहिलो, मग रस्त्यावर येऊन बसस्टॉपवर उभे राहिलो. तेव्हा मामंजींनी विचारलं, "काय म्हणालो गो डागदर?"

"मोतीबिंदू आहे, मामंजी."

"पिकलो?"

"पिकत आलाय."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "ऑपरेशान?" मी म्हटलं, "नको म्हणाले. वय झालंय." दोन खोटी वाक्यं, एकापाठोपाठ एक, गणिताच्या पायऱ्यांसारखी नीट मांडलेली. आणि तेवढ्यात मामंजी पुढे सरकत म्हणाले, "चल, आपली बस इली." मी चष्म्यातून डोळे ताणून बघत होते. मला लांब नुसता एक लाल ठिपका दिसत होता. नंबर मला दिसला तो बस पार जवळ आल्यावर. तरी मी त्यांचा हात धरून त्यांना बसमध्ये चढवलं, दिसत नसलेल्या माणसाला चढवावं तसं, आणि शेजारची एक बाई कौतुकाने म्हणाली, "सून असावी तर अशी." कुठे तोंड लपवू असं मला झालं.

शिमग्याला मामंजी नेमाने गावाला जायचे. ते गेले असताना आम्ही खोली रिकामी केली. ऐरण उचलायला चार माणसं लागली. ती कुर्ल्याला भंगारात गेली. भाता, घण, सांडशी, कानशी सगळं त्याच टेम्पोत. खिडकीचा पत्रा काढला, भिंतींना चुना मारला, बाकं आणली आणि जुन्या ट्यूबच्या जोडीला आणखी तीन लावल्या. मामंजी परतले, बॅग हातात घेऊन दारात उभे राहिले. पांढऱ्याशुभ्र भिंतींवरून त्यांनी नजर फिरवली. मी काहीबाही बोलत सुटले, हे इथे ठेवलंय, ते तिथे ठेवलंय. त्यांनी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी क्लास भरला की ते एक जुना पाट घेऊन उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. गल्लीतल्या बायकांच्या विळ्यांना दगडावर धार लावून द्यायचे. धार बोटाला कळते, तिला डोळे लागत नाहीत, असं सांगायचे.

अशी दोन वर्षं गेली. माझा क्लास झकास चालला होता. आणि एका संध्याकाळी तापलेल्या तारेचा तो धडा आला. मुलं म्हणाली, "बाई, करून दाखवा ना." नाही म्हणता आलं असतं. दरवर्षी मी तो भाग फळ्यावरच उरकायचे. त्या दिवशी का कोण जाणे, मी स्पिरिटचा दिवा काढला, एक बारीक तार चिमट्यात धरली. मला वाटतं, खोटं सांभाळून हात दुखायला लागले होते माझे. "दिसतंय का काही?" मी विचारलं. "नाय बाई, साधीच तार आहे." "मग आता लाइट बंद करा."

चारही ट्यूब विझल्या. ज्योतीतली तार लाल झाली आणि मुलं ओरडली, "आईशप्पथ!" मी माझ्या सरावलेल्या आवाजात सांगायला लागले, की तार तेवढीच तापलीय, आधीही ती लालच होती, उजेडामुळे आपल्या डोळ्यांना ते कळत नव्हतं, आणि म्हणूनच लोखंडाचा रंग बघून काम करणारे कारागीर... इथपर्यंत आले आणि दारात कोण बसलंय ते मला आठवलं. मी वळून पाहिलं. मामंजी पाटावरच पूर्ण वळून बसले होते, रस्त्याकडे पाठ, खोलीकडे तोंड. तारेकडे बघत होते.

"रातांबो," ते म्हणाले. अगदी हळू.

मग त्यांनी वर पाहिलं, भट्टीच्या जागेवर लावलेल्या त्या पहिल्या ट्यूबकडे. मग माझ्याकडे. चिमटा तापून माझ्या बोटांना चटका बसला तरी मला तो सोडायचं सुचेना. कुणीतरी लाइट लावले. मामंजींच्या चेहऱ्यावर राग असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. एखादं आडलेलं गणित सुटल्यावर मुलं बघतात तसं ते बघत होते, आणि ते मला जास्त लागलं.

"ऐरण खय गेली गो?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"कुर्ल्याला, मामंजी."

"बरा," ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे वळून बसले. मुलं विचारत होती, "बाई, पुढे?" फळा पुसून मी त्यांना त्या दिवशी लवकर सोडलं.

त्या रात्री ते लेकाला सांगतील, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लासची वेळ झाली. मी अजून आमच्याच खोलीत पदराला हात पुसत होते. मामंजी पाटावरून उठले, भिंतीचा आधार घेत आत गेले आणि चारही बटणं एकेक करून दाबली. धंदा बंद झाल्यापासून त्यांनी त्या बटणांना हात लावला नव्हता. मी दारात आले तेव्हा ते बाहेर येत होते. म्हणाले, "पोरांका उजेड व्हयो."

त्या वाक्यात टोमणा होता का, ते मी पुढे किती वर्षं उकरून बघितलं असेल! आवाज आठवून आठवून पाहिला. टोमणा सापडत नाही. नुसतं खरं होतं ते, लोखंडाला काळोख हवा इतकंच खरं. पुढली चार वर्षं, अगदी अंथरुणाला खिळेपर्यंत, रोज संध्याकाळी तेच उठायचे आणि लाइट लावायचे. रोज लाइट लागला की मी मान खाली घालायचे. चार शिव्या घातल्या असत्या, घर डोक्यावर घेतलं असतं, तर मी पाय धरून मोकळी झाले असते. त्यांनी मला माफ केलं होतं की मला ओळखून गप्प बसले होते, हे विचारायची हिंमत झाली नाही. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं. मग ते गेले. चाळ गेली. लेणी तेवढी आहेत. तिथे आत गेलं की डोळे सरावायला मिनिटभर थांबावं लागतं, मग हळूहळू सगळं दिसायला लागतं. मी फार जात नाही.

परवा त्या काळोखात फरशीवर बसल्या बसल्या मी ओट्याखाली हात घालून विळी बाहेर काढली. ट्यूबच्या आधीची, माझ्या लग्नात त्यांनी मला दिलेली. या स्वयंपाकघरात सगळं उभ्याने, सुरीने चिरायचं असतं, म्हणून ती खालीच असते. मुळाशी दोन आडव्या रेघा हाताला लागल्या. इतक्या वर्षांत त्या धारेला एक टवका नाही. माझ्याकडे त्यांचं एवढंच उरलंय, आणि तेही माझ्याविरुद्ध साक्ष देणारं. तेवढ्यात वीज आली. फ्रिज सुरू झाला, खालून "आली, आली!" झालं. गॅसवरची जाळी पुन्हा साधी, काळपट दिसायला लागली.

नवरा मेणबत्ती घेऊन दारात आला. "अगं, खाली काय बसलीयस? चक्कर आली का?" मग माझ्या मांडीवरची विळी बघून तोही जरा हळवा झाला, आणि गेली वीस वर्षं दर वेळी म्हणतो तेच म्हणाला, "काय हात होता बाबांचा! डोळे गेले नसते ना, तर अजून दहा वर्षं केल्या असत्या त्यांनी विळ्या."

दर वेळी यावर मी "हो ना" म्हणते. परवाही ते तोंडाशी आलं होतं. मी उठले, गॅस मोठा केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अगं, आत्ताच तर आली वीज! हे काय करतेस?"

"थांब जरा," मी म्हटलं. "काळोख व्हयो. इथे ये, आणि या जाळीकडे बघ."